हवा गेली!

"अहो, आजचा रविवार शेवटचा. आज गिऱ्हाईक नाही आलं, तर त्या सायकली काढून टाका आणि उद्यापासून दादाच्या सिमेंटच्या दुकानात बसा!" एवढं सुनावून बायको तरातरा माहेरी निघून गेली.

तळ्याकाठी सायकली भाड्यानं देणाऱ्या त्या गृहस्थाचं डोकं सकाळी सकाळीच फिरलं. सिमेंटच्या दुकानात, तेही थोरल्या मेव्हण्याच्या हाताखाली! त्यापेक्षा तळ्यात उडी मारलेली काय वाईट? पण त्याचा खरा राग होता तो लोकांवर. चार थेंब पडले, की यांना सायकल नको. ऊन तापलं, की नको. जरा वारा सुटला, की केस विसकटतात म्हणून नको! आठवडेच्या आठवडे सायकली ताडपत्रीखाली कुजत पडल्या होत्या. आज मात्र एका बँकेची अख्खी मंडळी येणार होती. "हवा चांगली असेल तरच हं," असं मॅनेजरबाईंनी बजावलं होतं.

घराबाहेर आभाळ भरून आलेलं आणि तळं पार गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्यानं दुकान उघडायला गेलेल्या धाकट्या मेव्हण्याला फोन लावला.

"हवा कशी आहे रे तिकडे?"

"हवा गेलीय, भाऊजी. पार गेलीय. मी काय म्हणतो..."

"तू काही म्हणू नकोस!" त्यानं फोन कट केला आणि लगेच बाईंना कळवलं, "येऊ नका. हवा बिघडली." मग आभाळाला आणि सासरच्या माणसांना यथेच्छ शिव्या घालत तो दुकानावर पोचला. बघतो तर लख्ख ऊन! मेव्हणा घामाघूम होऊन टायरांत हवा भरत होता.

"गाढवा, हवा गेली म्हणालास ना?"

"गेलीच होती! एका टायरात असेल तर शपथ!" मेव्हणाही भडकला. "तुम्ही कुणाचं पुढचं ऐकून घेता का कधी?"

दात-ओठ खात त्यानं पुन्हा बाईंना फोन केला. "बाई, हवा आली! या!"

"तुमच्याकडे हवा आहे की नळाचं पाणी?" बाई कडाडल्या. "सगळ्यांना आत्ताच नको म्हणून कळवलंय मी!"

तरी ऊन बघून बँकवाले आलेच आणि त्यांच्यामागून उरलेलं गावही लोटलं. पंप मारून मारून दोघांचे खांदे भरून आले, पण दुपारपर्यंत ताडपत्रीखाली एक सायकल उरली नाही. छाती फुगवून त्यानं बायकोला फोन लावला.

"गेल्या! सगळ्या सायकली गेल्या!"

"विकल्या? बाई गं, सुटले एकदाची! दादा, ऐकलंस का? उद्यापासून हे येताहेत!"

"अगं, विकल्या नाहीत! गेल्या म्हणजे..."

तोवर फोन दादांच्या हातात गेला होता. "शाब्बास! तुमच्यासाठी गल्ल्यावरच्या माणसाला आत्ताच कामावरून काढतो."

"अहो दादा, माझं पूर्ण ऐकून तरी घ्या!" तो जिवाच्या आकांतानं ओरडला.

"उद्या दुकानात बसून सांगा की निवांत," दादा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.