सोनटक्के आणि सोफ्याखालचा चेंडू

सोनटक्क्यांकडे मॅच बघायला जायचं म्हणजे आधी सोफ्याखाली वाकावं लागतं. शोधायचं काहीच नसतं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा चेंडू फार वर्षांपूर्वी बर्फाच्या वादळात हरवला, दोन्ही संघ तो शोधत बसले, आणि तेव्हापासून प्रत्येक मॅचआधी तिथलं अख्खं स्टेडियम मिनिटभर वाकतं. म्हणून इथे कुवेतमध्ये, मंगफमधल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, बाहेर चव्वेचाळीस डिग्री असताना, आम्ही चार पोक्त इंजिनिअर पार्श्वभाग उंचावून बर्फातला चेंडू शोधायचो. मला एकदा तिथे त्यांचा हरवलेला रिमोट सापडला. "ठेवा तो बाजूला, देसले!" सोनटक्के गुरगुरले. "अजून वीस सेकंद आहेत. परंपरा म्हणजे परंपरा!"

हा फुटबॉल आपला नव्हे. यात एकजण चेंडू बगलेत मारून पळतो आणि बाकीचे त्याच्या अंगावर पडतात. सोनटक्के मूळचे नाशिकचे, रिफायनरीत माझ्याच विभागात. उभ्या जन्मात त्यांनी गोट्यासुद्धा खेळल्या नसाव्यात. पण त्या संघाचा इतिहास तोंडपाठ. कुठल्या कोचने हरल्यावर मिशी उतरवली, मैदानात शिरताना पोरं जळक्या वसतिगृहाच्या दगडाला हात का लावतात, सगळं. नियम मात्र एकही माहीत नाही. "आत्ता गुण कुणाला मिळाले हो?" असं विचारलं की खेकसायचे, "तो टेक्निकल भाग झाला. आधी इतिहास समजून घ्या!"

गुडघे दुखत असले तरी बसणं हा प्रकार त्यांना जमायचाच नाही. मॅच चालू असताना चहा टाक, एसी कमी कर, आमच्या ताटल्या उचल. आणि मध्यंतराला आम्ही पाय मोकळे करायला उठलो की हे टीव्हीला नाक लावून उभे. कारण मध्यंतराला बँड येतो, आणि बँडमध्ये तिथेच शिकणारी त्यांची लेक मुग्धा होती, गळ्यात भलंथोरलं पितळी वाद्य अडकवलेली. त्या सगळ्या परंपरा तीच दर शुक्रवारी फोनवर सांगायची. सहा वर्षांपूर्वी वहिनी गेल्या, तेव्हापासून बापलेकीचं बोलणं 'जेवलीस का'च्या पुढे सरकत नव्हतं. या गोष्टी सापडल्या आणि फोन तासभर चालायला लागला.

यंदा मुग्धाचं शेवटचं वर्ष. तिथली आणखी एक परंपरा अशी की घरच्या मैदानावरच्या शेवटच्या मॅचआधी शेवटच्या वर्षाची मुलं आईवडिलांच्या हातात हात घालून मैदानातून चालतात आणि माइकवर सगळ्यांची नावं पुकारली जातात. सोनटक्क्यांनी व्हिसा काढला, तिकीट काढलं, नवे बूट घेतले. आणि आमचं शटडाऊन लांबलं. प्लांट बंद ठेवून दुरुस्ती चालते, ती संपेपर्यंत कुणालाही रजा नाही. सोनटक्के दिवसातून तीनदा मुदीरच्या, आमच्या मॅनेजरच्या, केबिनमध्ये जायचे. साहेब मान हलवून "बुकरा" म्हणायचे, म्हणजे उद्या. तो बुकरा काही उजाडला नाही.

शेवटचे दोन दिवस ते कंट्रोल रूममध्ये नुसते इकडून तिकडे, तिकडून इकडे. बघून मलाच चक्कर यायला लागली. "तिला आता एक बापच उरलाय, देसले," ते म्हणाले, "आणि तो इथे व्हॉल्व्ह तपासतोय." मला राग आला. मुदीरचा, प्लांटचा, आणि स्वतःचाही, कारण मी माझी रजा आधीच गावी लोळून संपवली होती.

शनिवारी संध्याकाळी साडेसातला त्यांनी मला एकट्यालाच बोलावलं. टीव्हीवर हा भाग दाखवत नाहीत. मुग्धाची मैत्रीण तिच्या मोबाइलवरून दाखवत होती. एकेक मूल पुढे येत होतं, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाप.

"माझं नाव कापायला सांग म्हटलं होतं तिला," सोनटक्के पुटपुटले. "उगीच चारचौघांत फजिती नको पोरीची."

तेवढ्यात माइकवरचा माणूस अडखळत म्हणाला, "मुग्धा सोनटक्के. आणि तिच्यासोबत तिचे वडील, कुवेतचे मोरेश्वर सोनटक्के."

मुग्धा एकटीच निघाली. एका खांद्यावर ते वाद्य, आणि दुसरा हात कोपरात वाकवून बाजूला धरलेला. शेजारी एका माणसापुरती जागा सोडलेली. बाकीची मुलं भराभर निघून गेली होती. ही मात्र बापाच्या दुखऱ्या गुडघ्यांना झेपेल इतक्या सावकाश चालत होती.

सोनटक्के उठून उभे राहिले.

"आलो गं," ते म्हणाले. "चाल तू."