दर सहावं दार

घरात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणायचे, आणि त्यात कौतुकापेक्षा टोमणाच जास्त असायचा. मानसशास्त्रातल्या प्रबंधाचं हे पाचवं वर्ष. विषय, शहरी माणसाची चिडचिड. आता शहरात चिडक्या माणसांना काय तोटा? पण माणसं निवडायची कशी, इथंच दोनदा माशी शिंकली होती. पहिल्या खेपेला तिने मैत्रिणींकडून प्रश्नावली भरून घेतली. दुसऱ्या खेपेला मावशीला गाठलं. मावशीने जावेचं नाव दिलं, जावेने विहिणीचं, आणि बघता बघता अर्धं गणगोत प्रबंधात येऊन बसलं. मार्गदर्शक मॅडमनी दोन्ही गठ्ठे परत केले.

"ओळखीपाळखीची माणसं म्हणजे शहर नव्हे. सोमवारी नीट नमुना आणा. नाहीतर विद्यापीठ तुमचं नाव काढून टाकेल."

दुधाने तोंड पोळलेली ती आता ताकही फुंकून प्यायला लागली. त्यांच्या वसाहतीत इमारती तीन, प्रत्येकीला मजले बारा, मजल्यावर घरं सहा. एकूण दोनशे सोळा, नंबर ओळीने. तिने ठरवलं, दर सहावं दार वाजवायचं. ओळख नाही, वशिला नाही. यादीत चोपन्न नंबर, म्हणजे तिचं स्वतःचं घरही आलं. ते तिने खोडलं.

"आम्हाला का वगळलं?" बाबा पेन उघडून तयार बसले होते.

"संशोधकाने घरच्यांना घ्यायचं नसतं, बाबा."

"का? आम्हाला चिडता येत नाही?" बाबा चिडून म्हणाले.

चार दिवसांत पस्तीस घरं झाली. बारा नंबरच्या शिंपीणबाईंनी 'नवरा कपात चमचा वाजवतो' हे लिहायला मागचं पानही वापरलं. अठरा नंबरच्या बँकवाल्याने आपण कधीच चिडत नाही, हे तीनदा ओरडून सांगितलं. साठ नंबरच्या मास्तरांनी दुसऱ्याच प्रश्नाला दार आपटलं. तिने तेही टिपून घेतलं.

रविवारी दुपारी बेरीज झाली. पस्तीसपैकी तेहतीस घरं अतिशय चिडखोर. चौऱ्याण्णव टक्के. तिचे पाय जमिनीवर ठरेनात.

"मग शांत कोण निघालं?" कपड्यांच्या घड्या घालता घालता आईने विचारलं.

"बेचाळीसचे आजोबा आणि शहाण्णवमधलं जोडपं."

"आजोबा घरात कानातलं यंत्र काढून ठेवतात. आणि ते जोडपं परवा राहायला आलंय." आईचा हात थांबला. "बघू ती यादी. सहा, बारा, अठरा... अगं, ही तर सगळी लिफ्टला खेटून असलेली घरं. आपल्यासारखी."

बाहेर लिफ्ट बोललीच. "कृपया दार बंद करा. कृपया दार बंद करा." तिन्ही लिफ्टची दारं सहा वर्षांपासून बोटभर उघडी राहायची, आणि आतली बाई दिवसभर हेच सांगत बसायची. मजल्यावरचं सहावं घर म्हणजे लिफ्टशेजारचं घर. तिने पस्तीस वेळा एकच दार वाजवलं होतं. तिच्या स्वतःच्या घरातही सगळे सहा वर्षं एकमेकांवर खेकसत होते, त्यामुळे माणसं अशीच असतात असं तिला वाटत होतं.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," आई म्हणाली.

ती खुर्चीत बसली. तिला रडू येत होतं. "मी सोडते प्रबंध. बास झालं."

बाबांनी वर्तमानपत्र बाजूला आपटलं. "काही सोडायचं नाही. उद्या जा आणि चुकलं म्हणून सांग. हाकलतील तर हाकलतील."

ती गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. मॅडमनी सगळी पानं उलटून पाहिली.

"म्हणजे तुम्ही शहर मोजलं नाहीत, लिफ्ट मोजलीत."

"हो, मॅडम."

"दुरुस्त होते का ती?"

"सहा वर्षं अर्ज करतोय आम्ही."

"अर्ज नको, हा आकडा दाखवा. पण त्याआधी लिफ्टपासून लांबची पस्तीस घरं चिठ्ठ्या टाकून काढा आणि त्यांनाही विचारा. दुरुस्ती झाली की महिन्याने दोन्हीकडे पुन्हा जा. आवाज आणि चिडचिड, हा तुमचा विषय. तीन महिन्यांची मुदत मी मागून घेते."

लांबची घरं अगदीच शांत निघाली. मग तिने वसाहतीच्या सेक्रेटरींना आकडा दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"तेहतीस घरं चिडलेली? आणि निवडणूक पुढच्या महिन्यात?"

चौथ्या दिवशी मिस्त्री आला.

महिन्याने शिंपीणबाईंनी लिहिलं, 'चमचा वाजवतो, पण ताल बरा आहे.' बँकवाल्याने आपण चिडत नाही हे एकदाच सांगितलं, तेही बसायला खुर्ची देऊन. मास्तरांनी दार आपटलं. शास्त्रात अपवाद असायचाच.

संध्याकाळी कागद मोजताना लिफ्टकडच्या गठ्ठ्यात एक जास्त निघाला. घर नंबर चोपन्न, अक्षर बाबांचं. 'अलीकडे शेवटचं कधी चिडलात?' या प्रश्नापुढे लिहिलं होतं, 'मुलगी प्रबंध सोडते म्हणाली, त्या दिवशी.'

नियमाप्रमाणे तो कागद धरता येत नव्हता. तिने तो गठ्ठ्यातून काढला आणि आपल्या वहीत जपून ठेवला.

"डॉक्टरीणबाई, चहा झालाय," स्वयंपाकघरातून आईने हाक मारली. पूर्वी ऐकूसुद्धा आली नसती, इतक्या हळू.