सदूभावजी आणि माझ्या पिना

माझ्या बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन सदूभावजीनं नेली की परत यायची न्हाय. हा आमच्या मालकाचा दोस्त, भिवंडीला लूमच्या कारखान्यात वायरमन. स्वतःची पक्कड हाय, टेस्टर हाय, पण तारेचं तोंड उकलायला पिन लागायची ती माझीच. "वयनी, पिन दे" म्हणत दारात उभा.

पिनीनं तो तारेच्या आतल्या काड्या मोकळ्या करायचा. एकेक काडी अंगठ्याच्या नखावर ओढायचा, डोळे मिटायचा, जसा काय आमरस चाखतोय. मग सांगायचा, "तीन-बावीस." म्हंजे तीन काड्या, बावीस नंबरच्या. नंबर वाढला की काडी बारीक, असलं उलटं शास्त्र.

माणसांना पण नंबर. माझा जावई तीन-बावीस, "भार टाकला की तापतो." मी सात-वीस, "कितीबी भार टाका." मालक गेल्यावर मी लूमच्या कांड्यांवर सूत भरत दोन पोरी वाढवल्या. त्यावर ह्यानं केलं काय, तर मला वायर म्हणाला.

नव्वदच्या आसपास पंचायतीनं भिवंडीजवळच्या आमच्या कोन गावात नळावर लावायला दोन मोठे हॅलोजन दिले. पाणी पहाटेचं. शिफ्टच्या आधी आम्ही बाया अंधुक बल्बाखाली हंडे भरायचो. शेवाळावरनं घसरून माझं मनगट मोडलं ते तिथंच. बल्बाची तार गल्लीच्या टोकाच्या बुद्धविहारातनं जमिनीखालनं आलेली. म्हटलं बल्ब काढायचा, हॅलोजन लावायचे, झालं.

सदू म्हणाला, "आधी तार बघू."

विहारातला फ्यूज काढून खिशात टाकला नि बसला. नळावरच्या बल्बाच्या खांबाकडं सात-वीस निघाली. विहाराकडं पण सात-वीस. बाया म्हणाल्या, मग लावा की. हा म्हणतो, "तोंड बघून तारेचं पोट कळत न्हाय." नि ड्युटीवरनं आला की गल्ली खणायला लागला. आठ दिवस. होता तो बल्बपण बंद, कारण फ्यूज खिशात, खिसा शर्टाला, नि शर्ट भिवंडीला ड्युटीवर.

"भावजी, माझं दुसरं मनगट मोडू द्या, मग लावा," मी म्हटलं.

नवव्या दिवशी मधोमध टेप गुंडाळलेला जोड सापडला. दोन हात तुकडा तीन-बावीसचा. हॅलोजनचा भार पडला असता तर तिथंच जळला असता, नळाचं पाणी मुरलेल्या ओल्या मातीत.

मी विचारलं, "कुठल्या गाढवानं जोडला हा?"

त्यानं काडी नखावर ओढली. "मीच. तवा तार कमी पडली होती. दादा माती लोटत होता."

दादा म्हंजे आमचे मालक.

जोड काढून त्यानं सात-वीस टाकली, नळावर उजेड पडला, नि ह्याला ताप भरला. मी पेज घेऊन गेले. बायको न्हाय, पोर न्हाय. खाटेच्या वर खिळ्याला तारेचं कडं, त्यात माझ्या पिना ओवलेल्या. एकेक ओळखीची, वाकलेलीसुद्धा.

चार दिवसांनी बरा होऊन दारात उभा. "वयनी, पिन दे."

"आता कुठली तार राहिली?"

त्यानं इकडं तिकडं बघितलं. मग माझ्या दारावरच्या बल्बाकडं. ती तार त्यानंच टाकलेली, मालक असताना.

"बघतो जरा, कितीची हाय."

मी बांगडीची पिन काढून दिली. "नीट मोजा," म्हटलं. "चहा ठेवते."