मेश्रामभाऊंचा आठ मिलिमीटरचा खुंटा

आमच्या शेजारचे मेश्रामभाऊ वाजवून पाहिल्याशिवाय कशावरही बसत नाहीत. खुर्ची असो, ओटा असो, नाहीतर लग्नाच्या मांडवातला सोफा. उजव्या हाताची दोन बोटं वाकवून आधी टकटक करतात, मान तिरपी करून आवाज ऐकतात आणि मगच टेकतात. टरबूज तर सगळेच वाजवून घेतात. मेश्रामभाऊ टरबूजवाल्याची हातगाडीसुद्धा वाजवतात.

आम्ही चंद्रपूरच्या या घरात राहायला आलो त्या दिवशी ते ओळख करून घ्यायला आले आणि जयभीम-नमस्काराच्या आधी त्यांनी आमच्या बैठकीची फरशी वाजवली. "भाऊ, चार फरश्या पोकळ हायेत," म्हणाले. बैठकीत एकूण त्रेसष्ट फरश्या. मी जमीन मोजणीच्या खात्यात नोकरी करतो, त्यामुळे गोष्ट मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी त्या चार फरश्यांवर पेन्सिलने खुणा करून ठेवल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात बरोबर त्या चारच फुगून वर आल्या. तेव्हापासून मी मेश्रामभाऊंना हसणं कमी केलं.

ही त्यांची खाणीतली सवय. घुग्घुसकडच्या एका खाणीत ते बत्तीस वर्षं जमिनीखाली होते. काम एकच. कोळसा निघाला की वरचं छत सब्बलीने, म्हणजे लोखंडी पहारेने, ठोकायचं आणि ऐकायचं. मग छतात लांब लोखंडी बोल्ट मारून ते वरच्या पक्क्या दगडाला बांधून टाकायचं. बोल्टला ते खुंटा म्हणत. "खालचा माणूस कितीबी पैलवान असो, खुंटा हालला का खतम," हे त्यांचं दिवसातून निदान तीनदा ऐकू येणारं वाक्य.

सहा वर्षांपूर्वी त्यांची बायको वारली. मुलगी मोहर्लीला दिलेली. तिची मुलगी प्रज्ञा कॉलेजसाठी आबाजींकडे, म्हणजे मेश्रामभाऊंकडे, राहते. वय एकोणीस. पक्ष्यांचे आवाज ऐकून नावं सांगते, आणि मोहर्लीला वाघांच्या जंगलाच्या गेटवर गाइड व्हायचं हे तिचं दहावीपासून ठरलेलं. अडचण एवढीच की तिचे वरचे दात पुढे, आणि बोलताना तोंडावर कायम स्कार्फ. विचारलं तर "धूळ लय हाय" म्हणते. धूळ आहेच, पण घरात, पंखा बंद असतानाही?

दातांच्या डॉक्टर मॅडमनी तिला तारा लावल्या, वरचे दोन दात काढून जागा केली. आता पुढचे दात त्या जागेत मागे ओढायचे होते. ओढायला कशाचा तरी आधार हवा. दाढांना बांधून ओढलं तर दाढाच पुढे सरकतात. म्हणून मॅडम जबड्याच्या हाडात दोन बारीक स्क्रू बसवणार होत्या. त्यांना बांधून दात ओढायचे आणि काम झालं की स्क्रू काढून टाकायचे. प्रज्ञाने तो स्क्रू पाहिला आणि खुर्चीतून उठून सरळ ऑटोत बसली. दोन महिने झाले, परत गेली नाही. गाइडच्या मुलाखती पावसाळ्यानंतर होत्या आणि तोंडात दोन मोकळ्या फटी.

अशात एक दिवस मेश्रामभाऊ माझ्याकडे आले, ओटा वाजवून बसले आणि म्हणाले, "भाऊ, टॉर्च आणा."

मी टॉर्च आणला. त्यांनी आ केला. खाली डाव्या बाजूला तारेचा तुकडा, आणि हिरडीतून डोकं काढलेला एक चकचकीत स्क्रू.

"आठ मिलिमीटर," ते म्हणाले. त्यांचा आनंद मावत नव्हता. "हाडात मारला, भाऊ. एक दाढ पडली होती, तिच्या मागची दाढ वाकडी होऊन राह्यली होती. आता हा खुंटा तिले सरळ करन. आमचा बोल्ट दीड मीटरचा. काम तेच."

मी हिशेब केला. एकशे साडेसत्याऐंशी पट लहान. तसं सांगितल्यावर त्यांनी तो आकडा पाठ केला आणि पुढचे आठ दिवस साऱ्या कॉलनीला सांगितला.

कॉलनीने मात्र वेगळाच हिशेब केला. एकसष्टाव्या वर्षी तारा, म्हणजे भाऊ दुसरं लग्न करणार. चहावाल्याने तर गावही ठरवलं.

"काऊन भाऊ, आरमोरीची पाहिली म्हणते?"

"तुह्या मावशीले विचार," मेश्रामभाऊ म्हणाले. "ते हो म्हणन त उद्याच जातो."

रोज सकाळी ते अंगणात कडुलिंबाला टांगलेल्या आरशासमोर उभे राहत, चहाच्या चमच्याची दांडी तोंडात घालत आणि मान तिरपी करत. मी कुंपणावरून पाहत असे. ठोके बारा. संध्याकाळी पुन्हा बारा. शेवटी नखाने एक ओढ. "पक्का हाय," असं मला सांगत आणि मग घराकडे तोंड करून मोठ्याने, "पक्का हाय वं, प्रज्ञा." आतली खिडकी बंद होई.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी ते आले आणि ओटा न वाजवता बसले. मी हातातला पेपर खाली ठेवला.

"खुंटा हालला, भाऊ."

मी सुट्टी टाकून त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो. मॅडमनी चिमटा लावला तर स्क्रू खरंच डुगडुगत होता. "काही कडक खाल्लं का, मेश्रामकाका?"

"नाई. मी रोज वाजवून पाहातो न," ते म्हणाले, आणि सकाळचे बारा, संध्याकाळचे बारा, सगळं त्यांनी खुशीने सांगितलं.

मॅडमनी चिमटा खाली ठेवला. "अठरा दिवस?"

"चारशे बत्तीस ठोके," मी म्हणालो. कोणी विचारलं नव्हतं.

"काका, तो चांगला पक्का बसला होता. तुम्ही ठोकून ठोकून सैल केलात. आणि या दाढेची घाई नाही असं मी म्हटलं होतं. तुम्हीच पाठीस लागलात."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "घाई नव्हती तर कशाला एवढं?"

त्यांनी दुपट्टा खांद्यावर नीट केला. "खाणीत असं असते, भाऊ. बोल्ट मारला का मारणारा पहिले त्याच्याखाली उभा राहाते. मंग बाकीच्यायले हाक मारते, या म्हणून. प्रज्ञाले हाक माराची होती. आता कोणत्या तोंडानं मारू?"

मी सुचवलं की दाढेचं काम झालं म्हणून स्क्रू काढला, असं सांगा. पोरीला काय कळणार. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्याच चार पोकळ फरश्या आठवल्या.

"छत पडलं त पडलं म्हणाव लागते. नाईतर दुसरा माणूस त्याच्याखाली जाते."

अंगणात प्रज्ञा कपडे वाळत घालत होती. मेश्रामभाऊ तिच्यासमोर साहेबापुढे उभे राहावं तसे उभे राहिले. सगळं सांगितलं. खुंटा चांगला होता, खराबी आपल्या हाताची होती, एवढं दोनदा सांगितलं.

"चमच्यानं?" प्रज्ञाने विचारलं.

"चमच्यानं."

"कोणत्या?"

"चहाच्या."

"मी रोज साखर घ्यायची तोच?"

मेश्रामभाऊंनी मान डोलावली. प्रज्ञा आधी स्कार्फमध्ये हसली, मग दोरीला धरून हसली, मग खालीच बसली. स्कार्फ गळ्यात आला होता, तो वर ओढायचं ती विसरली. मी तिचं पूर्ण हसू त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"बसीन मी खुर्चीत," डोळे पुसत ती म्हणाली. "पण आबाजी, माह्या खुंट्याले तुम्ही बोटबी लावाचं नाई. कबूल?"

"कबूल."

त्या सोमवारी आम्ही तिघं गेलो. प्रज्ञा आत गेली. मेश्रामभाऊ बाहेरच्या बाकावर बसले, न वाजवता, आणि त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. आतून कसला आवाज आला की खांदे वर जात. हात मात्र त्यांनी काढले नाहीत. बावीस मिनिटं.

दार उघडून प्रज्ञा आली. इंजेक्शनने ओठ बधिर, बोलता येईना. म्हणून तिने आबाजींसमोर उभं राहून, बसलेल्या सात पेशंटांच्या देखत मोठा आ केला. वरच्या बाजूला, उजवीकडे एक आणि डावीकडे एक, दोन ठिपके चमकत होते.

मेश्रामभाऊंचा उजवा हात वर गेला. दोन बोटं वाकली. तिच्या तोंडापासून चार इंचांवर हात थांबला आणि बोटं हळूहळू सरळ झाली. मग त्याच हाताने त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि स्वतःच्या तोंडावर धरला.

"काय झालं, आबाजी?" बधिर ओठांनी तिने कसंबसं विचारलं.

"काई नाई," ते दुपट्ट्याआडून म्हणाले. "धूळ लय हाय."