एका तांब्यातली जीप

मे १९७३, रविवार, सकाळ. माधवनगर, आमच्या चाळीचं अंगण. हजर: बिरू सुभेदार, त्यांची जीप, पाण्यानं भरलेला एक तांब्या आणि मी. गैरहजर: आक्का.

एवढ्या तांब्यात सुभेदार अख्खी जीप धुवायचे. आधी पोत्याच्या बोळ्यानं कोरडी घासायची, मग ओलं फडकं बॉनेटवरून खाली. चाकं शेवटी. माणूस पलटणीतून निवृत्त, आता गिरणीच्या गेटवर पहारेकरी; पण जन्म मेंढपाळाच्या घरातला. "हं, पाय उचल," असं चाकाला सांगताना मी स्वतः ऐकलं आहे.

"सुभेदार, दोन तांबे तरी घ्या."

"वैनी, पलटनीत येका मगात दाढी आन आंगूळ व्हायची. हिला कुठं दाढी हाय?"

ओसरीवर पाण्याचे चार डबे भरलेले आणि गाडीला एक तांब्या! चाळीनं त्यांना चिकट ठरवलं. मी मात्र एकदा सरळ विचारलं.

"डबं म्हसवडला जात्यात. थोरली आक्का हाय तितं, दुस्काळात येकटी. हिकडं ये म्हनलं तर मेंढरं सोडंना. पैल्यांदा जीप घिऊन गेलो, तर दारातच म्हनली, 'गाडी धुवायला पानी हाय व्हय रं तुज्याकडं?'"

तेव्हापासून तांब्या. दर रविवारी जीप धुवायची, डबे चढवायचे आणि म्हसवड गाठायचं.

गेल्या महिन्यात शेजारी लग्न होतं. वरातीला जीप हवी, म्हणून सुभेदारांनी किल्ली देऊन टाकली आणि ते पहाऱ्यावर गेले. नवरीचा मामा कराडचा, नदीकाठचा. त्यानं ओसरीवरचे चारही डबे जीपवर रिकामे केले.

"बघा सुभेदार, आरशावानी केली!"

सुभेदारांनी डब्यांत डोकावून पाहिलं. "लय झ्याक केली गड्या," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार. नळ कोरडा. मी बादली घेऊन घरोघर फिरले. लग्नघराच्या चाळीत पाणी कुठलं उरायला! परत आले तर सुभेदार रस्त्यावरची धूळ ओंजळीनं जीपवर उधळत होते.

"आवं, हे काय?"

"अशी चकचकीत गाडी आन मोकळं डबं! आक्काम्होरं जाऊ कसा?"

धूळ उडवूनही त्यांचा पाय निघाला नाही. पहाऱ्यामुळं आठवडाभर सुट्टी नाही. पुढच्या रविवारी भरलेले डबे घेऊन गेले, तर दाराला कडी. शेजारीण म्हणाली, "लय वाट बघितली तिनं. मग मेंढरं घिऊन निगाली पानी हुडकीत."

"कुटं?"

"पश्चिमंला, नदीकडं. आनी कुटं?"

डबे त्या शेजारणीकडं ओतून ते परतले.

आता दर रविवारी ते कराडच्या रस्त्यानं जातात. मेंढरांचा कळप दिसला की जीप थांबवतात, म्हातारीचं वर्णन सांगतात. चाळीत आता त्यांना कुणी चिकट म्हणत नाही.

आज मी तांब्या भरून बॉनेटवर ठेवला. त्यांनी तो उचलून माझ्या हातात परत दिला.

"आक्का घावू द्या, वैनी. तिच्याच म्होरं धुतो. येका तांब्यात कशी हुती, बघू दे तिला."

जीप गेली. तांब्या मी झाकून ठेवला आहे. जीप धुवायची राहिली आहे.