दोन वर्षं, मग मोकळी

बाबांचं पक्कं ठरलं होतं. मुलीने एमएस्सीला इलेक्ट्रॉनिक्सच घ्यायचं. पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि ज्याच्या हाताला सोल्डरिंग येतं तो उपाशी मरत नाही, हे त्यांचं ब्रह्मवाक्य होतं.

मुलीचा जीव मात्र रेडिएशन फिजिक्समध्ये अडकला होता. पण पुढे नोकरीचं काय, हे नीट कळल्याशिवाय बाबांपुढे तोंड उघडण्यात अर्थ नव्हता. म्हणून तिने थेट हॉस्पिटलचा रेडिएशन विभाग गाठला. तिथल्या फिजिसिस्ट बाई भल्या निघाल्या. कॅन्सरच्या पेशंटला किरणांची मात्रा किती द्यायची, याचं गणित त्यांनी तिला मांडून दाखवलं आणि पुन्हा यायला सांगितलं. ती तीनदा गेली. तिसऱ्या खेपेला ती विभागाच्या दारातून बाहेर पडत असताना शेजारच्या काकूंनी तिला पाहिलं.

काकू तिथून तडक बाबांच्या दुकानात गेल्या.

बाबा भर दुपारी घरी आले आणि चपला न काढताच तिच्यासमोर बसले.

"कधीपासून जातेस तिथे?"

चोरी पकडली गेली, असं तिला वाटलं. "महिना झाला. तुम्ही चिडाल म्हणून बोलले नाही."

"मी चिडेन?" बाबा पुढे सरकले. "तिथे काय सांगितलं? किती दिवस?"

"दोन वर्षं. मग वर्षभर हॉस्पिटलमध्येच काढावं लागतं."

"आणि नंतर?"

"नंतर मोकळी."

बाबांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलताना तिला दिसले. एका विषयापायी माणूस इतका खचतो?

"राहू दे बाबा. मी इलेक्ट्रॉनिक्स घेते."

"नको गं. तुला हवं तेच घे. कुठे सही करू सांग."

तिने पुढे केलेल्या प्रवेशाच्या अर्जावर त्यांनी सही केली, तोच आई धापा टाकत आत आली. "काकू काय म्हणतायत? हिची कसली ट्रीटमेंट चाललीय?"

"माझी? अगं, मी तिथे कोर्सची चौकशी करायला जाते!"

मुलीने अर्ज पुढे सरकवला. "फाडू का, बाबा?"

बाबांनी डोळे पुसले. "सही केली ती केली. पण यापुढे मला काहीही सांगायचं असलं, तर आधी 'मी ठणठणीत आहे' एवढं म्हणत जा."