सुभद्राबाईंचा धपाटा

निवडणुकीच्या तोंडावर परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करतात, तसे यंदा आमच्या तालुक्यातले सगळे मार जमा करून घेतले. थप्पड, गुद्दा, लाथ, टपली, काही म्हणजे काही सोडलं नाही. त्यानंतर कुणी हात उगारलाच, तर तो समोरच्याच्या अंगातून वाऱ्यासारखा आरपार जाई. लोकांना त्याचं फारसं काही वाटलं नाही.

सुभद्राबाई कानड्यांना मात्र वाटलं. त्यांनी ठाण्यात ठिय्या दिला.

"माझा धपाटा परत द्या, साहेब. संध्याकाळच्या गाडीनं मुलगा येतोय. न सांगता घर सोडून गेला होता मेला."

"निकालानंतर न्या," इन्स्पेक्टर घोलप म्हणाले.

"अहो, आल्या आल्या धपाटा नाही दिला, नुसता चहा पुढे केला, तर पोरगा पाहुणा होऊन बसेल माझा! चार दिवसांनी परत जाईल."

घोलप कडक होते, दगड नव्हते. पण कोठडीत सगळे मार एकत्र कोंबलेले. म्हणून ओळखपरेड ठरली. हवालदार तेलंगे उभे राहिले आणि बाईंच्या हातात एकेक मार देण्यात आला.

पहिला तेलंग्यांच्या गालावर वाजला.

"ही थप्पड. आत ठेवा," घोलप म्हणाले.

दुसरा बरगडीत शिरला. तो गुद्दा होता. तेलंगे खालीच बसले. तिसरी टपली निघाली, तेलंगे चक्क लाजले. प्रत्येक मार काम झालं की मुकाट्यानं बाईंच्या हातात परत येत होता.

चौथा पाठीत बसला. खिडकीतली कबुतरं उडाली. तेलंगे कुणी न विचारताच म्हणाले, "हात धुतो. ताट वाढ."

"हाच माझा!" सुभद्राबाई ओरडल्या.

घोलपांनी तो एका वापरापुरता सोडला आणि स्वतः बंदोबस्ताला स्टँडवर आले. गाडी लागली. दिगंबर मान खाली घालून उतरला, वाकून पाया पडू लागला, आणि त्याच्या पाठीत असा काही धपाटा बसला की कंडक्टरनं घंटी मारली.

"आई गं! लागलं ना!"

"लागायलाच दिलाय. किती वाळलास! चल घरी."

"बाई, आता तो जमा करा," घोलप म्हणाले.

सुभद्राबाईंनी तळवा उघडून दाखवला. रिकामा होता.

"परत आलाच नाही. त्याच्या पाठीतच राहिला. घ्या काढून."

घोलपांनी दिगंबरची पाठ नीट तपासली, थोडा विचार केला आणि सुभद्राबाईंना कडक सलाम ठोकला. आम्ही अख्ख्या स्टँडनं टाळ्यांचा कडकडाट केला. टाळ्या जमा करायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.